चौथा दम

१

आमच्या शेडमध्ये एक लांब लाकडी टेबल आहे आणि त्यावर खडूने आखलेले तीन चौकोन आहेत. उघडलेल्या इंजिनातला प्रत्येक पार्ट धुऊन, पुसून, मोजून यांपैकी एका चौकोनात जातो. डावीकडे ठेवायचे, उजवीकडे टाकायचे आणि मधे 'बघू'. बघूच्या चौकोनातला पार्ट संध्याकाळपर्यंत तिथेच राहिला, तर तो उजवीकडे सरकवायचा, हा माझा नियम. शंका आलेला पार्ट मी इंजिनात घालत नाही. गिऱ्हाइकं गयावया करतात, बाई, हा रोटर माझ्या पहिल्या गाडीचा आहे हो, एवढा ठेवा. मी सांगते, खुशाल ठेवा, घरी कपाटात ठेवा, त्याच्यावर फुलदाणी ठेवा. यावरून माझ्याबद्दल काय काय बोललं जातं ते मला ठाऊक आहे आणि त्याने मला काडीचाही फरक पडत नाही.

मी रोटरी इंजिनं बांधते. साध्या इंजिनात पिस्टन खाली-वर धावतात. यात पिस्टन नाहीत. कमरेत किंचित दबलेलं एक लांबट गोल घर असतं, त्याला हाउसिंग म्हणतात, आणि त्याच्या आत फुगीर कडांचा तिकोनी रोटर फिरतो. रोटरच्या तिन्ही टोकांना खाच असते आणि खाचेत सीलची एक बारीक पट्टी. ती पट्टी हाउसिंगच्या भिंतीला सतत घासत राहते, म्हणून तीन बाजूंचे तीन कप्पे एकमेकांपासून बंद राहतात. सगळा खेळ त्या पट्टीचा आहे. कडक सील घातले तर वर्षानुवर्षं झिजत नाहीत, पण तुटले की हाउसिंग, रोटर, सगळ्यांना घेऊन बुडतात. मऊ सील लवकर झिजतात, पण मोडले तरी चुरा होऊन बाहेर पडतात आणि बाकीचं इंजिन वाचतं. यातलं काय घ्यायचं यावरून मी माणसांना हमरीतुमरीवर आलेलं पाहिलंय. आमच्याच घरात पाहिलंय.

त्या दिवशी टेबलावर होतं ते इंजिन माझ्या लेकीचं होतं. लहानपणी ती एका जागी टिकत नसे म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी, आणि तेच चिकटलं. ती चढाच्या शर्यतींत गाडी चालवते. गेल्या वेळी हट्टाने कडक सील घालून घेतले होते. सरावात घाटाच्या एका वळणावर इंजिनातल्या दोन रोटरांपैकी पुढच्याचा सील तुटला, इंजिन जागच्या जागी अडकलं, मागची चाकं आवळली गेली आणि गाडी कठडा फोडून दरीत गेली. भिंगरी मात्र वर, रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसलेली सापडली. हेल्मेट मांडीवर, अंगावर साधा ओरखडा नाही. सगळे म्हणाले, बाहेर फेकली गेली असणार, नशीब बलवत्तर. मीही तेच म्हणाले, आणि त्यापुढे विचार करायचा नाही असं ठरवून इंजिन उघडायला घेतलं.

पुढची शर्यत जवळ आली होती. तिला जायचंच होतं. नाही म्हणून ऐकणारी ती नव्हे, तेव्हा माझ्या हातात एवढंच होतं की पुन्हा तसं होणार नाही असं इंजिन तिला द्यायचं. ती जिवंत राहावी म्हणून मी काय करू शकते, तर योग्य पार्ट निवडू शकते. दुसरं मला काही येत नाही.

हाउसिंगवर खोल चरा होता. ते उजवीकडे गेलं. सील, स्प्रिंगा उजवीकडे. पुढचा रोटर मात्र मी हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. एक टोक जरा चेपलं होतं, मोजलं तर मापात बसत होतं. मी तो बघूच्या चौकोनात ठेवला. भिंगरी नेहमीप्रमाणे टेबलावरच चढून बसली होती. ही तिची लहानपणापासूनची सवय, आणि 'ऊठ तिथून' ही माझी तेवढीच जुनी आरडाओरड.

"आई, त्याचा काय दोष? ठेव ना त्याला," ती रोटरवर हात ठेवून म्हणाली.

एरवी मी ऐकलं नसतं. पण ती समोर धडधाकट बसून पाय हलवत होती, आणि मला तिच्या कुठल्याच गोष्टीला नाही म्हणवत नव्हतं. रोटर मी डावीकडे ठेवला. फक्त सील मऊ घालीन, असं बजावलं. ती चक्क हो म्हणाली.

२

ज्यांच्याकडे मी काम शिकले त्या उस्तादांची एक रीत होती, ती मी आजवर मोडलेली नाही. इंजिन बांधून झालं की पहिला फेरा बांधणाऱ्याने द्यायचा नाही. ज्याच्या हातात गाडी जाणार त्याने द्यायचा. बांधणाऱ्याचा हात आपल्याच कामावर लट्टू असतो, असं उस्ताद म्हणत. शाफ्टच्या टोकाला लांब दांड्याचा पाना लावायचा, चालवणाऱ्याने तो सावकाश ओढायचा, आणि बांधणाऱ्याने स्पार्क प्लगच्या भोकावर तळहात ठेवून डोळे मिटायचे. रोटरची एकेक बाजू हवा दाबत पुढे सरकते आणि तळहातावर फस्सकन वारा येतो. याला उस्ताद दम म्हणायचे. तीन बाजूंचे तीन दम. तिन्ही सारखे आले की इंजिन चांगलं. एखादा पडका आला की त्या बाजूचा सील बसलेला नाही, इंजिन पुन्हा खोला. मापाची यंत्रं माझ्याकडेही आहेत, पण ती नंतर. आधी हात.

भिंगरी या शेडमध्येच मोजायला शिकली. एक, दोन, तीन, पुन्हा एक. शाळेत चार म्हणायला तिला वेळ लागला, असं तिचा बाबा सगळ्यांना सांगत असतो.

इंजिन बांधून झालं त्या दुपारी जेवणं उरकून आम्ही त्याच्यापाशी आलो. उन्हाने पत्रा तापून टकटक वाजत होता. तिने पाना ओढला. फस्स. हाताला धक्का बसला, कोरडा आणि भक्कम. दुसरा तसाच. तिसराही तसाच. माझा जीव भांड्यात पडला. जुना रोटर ठेवला म्हणून मनात जी पाल चुकचुकत होती ती गप्प झाली. मी हात उचलणार एवढ्यात तिने पाना आणखी ओढला आणि माझा तळहात आत खेचला गेला.

धक्का नव्हता, ओढ होती. हळू, लांब, गार. तळहाताच्या मधोमध कातडी भोकात ओढली गेली, आणि मग ओढ वाढली नाही की सुटलीही नाही, तशीच धरून राहिली. पत्र्याची टकटक थांबली होती, की मला ऐकू येत नव्हती, कोण जाणे. मी मनात मोजायचंही विसरले. मग पाना पुढे गेला, ओढ सुटली आणि फस्स, पुन्हा पहिला दम आला.

मी डोळे उघडले. भिंगरी पाना धरून उभी होती. तीनपर्यंत तोंडाने मोजत होती आणि त्यानंतर तिचे ओठ मिटले होते. कुणीतरी दुरून हाक मारली आणि आपण ती नीट ऐकावी, तशी तिची मान कलली होती.

"आले ना नीट?" तिने विचारलं.

मी म्हटलं, एक सील बसायला वेळ घेतोय, पुन्हा खोलू. तिने खांदे उडवले आणि चहा टाकायला आत गेली.

३

मी काही भुताखेतांना मानणारी बाई नाही. हाताला ओढ लागते म्हणजे आत कुठेतरी पोकळी तयार होते, आणि पोकळी तयार होते म्हणजे एखादा सील खाचेत अडकून उशिरा बाहेर येतो. चेपलेल्या टोकाचा रोटर ठेवला, त्याची ही फळं. स्वतःला चार शिव्या घातल्या आणि इंजिन खोललं. टोकाची खाच भिंगातून पाहिली, स्वच्छ होती. सील बोटाने दाबून सोडला, टुणकन वर आला. तरी मी तो रोटर उजवीकडे ठेवला आणि दुसरा, नवा कोरा काढला.

बांधलं. भिंगरीने फेरा दिला. तीन दम, आणि मग ती ओढ.

मग स्प्रिंगा बदलल्या. बाजूच्या प्लेटा बदलल्या, त्या तर सरळच होत्या. हाउसिंग बदललं. एका इंजिनात दोन रोटर असतात; मागच्याचाही काही संबंध असेल म्हणून तोही बदलला. मऊ सील काढून कडक घातले, म्हणजे मला जे नको होतं तेच मी करून पाहिलं. प्रत्येक वेळी भिंगरी यायची, न कुरकुरता पाना ओढायची आणि प्रत्येक वेळी तीन झाले की माझा हात आत ओढला जायचा. टाकायच्या चौकोनात जागा उरली नाही. तिथे चांगले पार्ट पडले होते, ज्यांच्यात मला एकही खोट दाखवता आली नसती.

नवऱ्याने हे पाहिलं. तो शेडच्या पुढच्या भागात पत्रा ठोकतो, रंग मारतो, आणि माझ्या कामात नाक खुपसत नाही. त्यामुळेच आमचा संसार टिकला असं तो म्हणतो. त्याने विचारलं की मी इंजिन बांधतेय की स्वेटर, सारखी उसवतेय म्हणून. मला हसू आलं नाही. खरं सांगायचं तर मला माझ्या हाताची शंका यायला लागली होती. माझं अर्धं आयुष्य या तळहातावर चाललंय. तो खोटं सांगायला लागला असेल, तर लेकीला मी कशाच्या भरवशावर त्या वळणावर पाठवणार?

म्हणून मी त्याला म्हटलं, अहो, जरा इथे हात ठेवा. भिंगरी पाना ओढत होती. त्याने रंगाने माखलेला हात पुसून भोकावर ठेवला आणि तोंड वेडंवाकडं करून मोठ्या डॉक्टरचा आव आणला. पहिल्या दमाला मान डोलावली, दुसऱ्याला, तिसऱ्याला. चौथ्याला त्याचा चेहरा उतरला. ओढ सुटेपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग हात काढून त्याने तळव्याकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं, आणि बाहेरच्या नळावर जाऊन किती तरी वेळ हात धूत बसला.

माझा हात शाबूत होता तर. आनंद व्हायला हवा होता, पण भीतीच वाटली. आणि सोबत आणखी काहीतरी होतं, जे सांगायला मला लाज वाटत नाही. इतकी वर्षं मी इंजिनांचे दम ऐकतेय, पण त्या चौथ्याइतका अचूक दम मी कधी अनुभवला नव्हता. त्याला गळती नव्हती. काठोकाठ भरलेलं, जराही न सांडणारं असं काहीतरी त्यात होतं. बाकीचे तीन त्याच्यापुढे ओबडधोबड वाटायचे, आणि ते तर माझ्या हातचे होते.

४

शेवटी शाफ्ट उरला होता, तोही बदलला. आता या इंजिनात जुन्या इंजिनाचा एक नटदेखील नव्हता. बांधून झालं तेव्हा भिंगरी शर्यतीसाठी घेतलेल्या दुसऱ्या गाडीचे टायर आणायला गेली होती. मी स्टुलावर बसून तिची वाट पाहत होते आणि समोर पाना लोंबकळत होता.

उस्तादांची रीत मी तेव्हा मोडली. उठले, डावा हात भोकावर ठेवला आणि उजव्याने पाना ओढला. तीन दम आले. चौथ्यासाठी मी श्वास रोखला. फस्स. तो पहिलाच होता, फिरून आलेला. मी ओढत राहिले, दंड भरून आला तरी ओढत राहिले. एक, दोन, तीन, एक, दोन, तीन. साधं, सरळ, उत्तम इंजिन होतं.

मी नवऱ्याला हाक मारली आणि पाना त्याच्या हातात दिला. तीन. बाजूच्या फळीवर एका गिऱ्हाइकाचं तयार इंजिन होतं, तेही पाहिलं. पाना आधी त्याच्या हातात, मग माझ्या. तीनच. तेवढ्यात फाटकात टेम्पो वाजला. भिंगरी टायर उतरवून आत आली. मी काही न सांगता तिला त्या गिऱ्हाइकाच्या इंजिनाचा पाना ओढायला लावला. ते इंजिन तिने कधी पाहिलंही नव्हतं, आणि चौथ्या वेळी माझा हात आत गेला.

ती हात झटकून टायरांकडे गेली, गुणगुणत. मी तिच्या पाठीकडे पाहत राहिले. एवढे दिवस मी पार्ट बदलत होते. सगळे बदलले. प्रत्येक फेऱ्याला जी एकच गोष्ट तशीच राहिली होती, ती माझ्या डोळ्यांसमोर पाना धरून उभी होती, आणि मला ती दिसली नाही.

नवरा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्याने शेडच्या मागे नेऊन मला उलट्या टाकलेल्या डब्यावर बसवलं. मग त्याने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगते.

"गाडी दरीतून वर काढली ना, तेव्हा मी आत डोकं घातलं होतं. टप पार सीटच्या बुडापर्यंत बसला होता. तिथे माणूस मावत नाही. एवढंसं मूलसुद्धा मावणार नाही. आणि पट्टे लावलेले होते."

"कुठले पट्टे?" मी विचारलं, जसं काही मला कळलंच नव्हतं.

"तिचे. सीटचे. सगळे येऊन बकलात अडकवलेले आणि ताणलेले. रिकामे असले तर ढिले पडतील की नाही? ताणलेले होते, आत कुणीतरी असल्यासारखे. मी कात्रीने कापले. बकल दाबायची हिंमत नाही झाली."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. तो म्हणाला, काय सांगायचं होतं, ती घरी होती, आतल्या खोलीत झोपली होती, तू दाराशी बसून तिचा श्वास मोजत होतीस.

हे खरं होतं. त्या दिवशी मी तिच्या दाराशी बसून तेच करत होते. किती श्वास मोजले आणि दोन श्वासांच्या मधे काय होतं, ते मात्र आता मला आठवेना.

५

मला पाहायचं होतं. भीती होतीच, पण न पाहता मला झोप लागली नसती. कामाची सवय म्हणा. दम पडका असला की त्या बाजूला काय झालंय ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी इंजिन सोडत नाही.

नवऱ्याच्या पांढऱ्या रंगाचा डबा घेतला. रोटरच्या बाजू एक्झॉस्टच्या तोंडातून दिसतात. चांगली मुठीएवढी वाट असते. पाना फिरवत मी पहिल्या बाजूवर ब्रशने एक ठिपका दिला, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन. रंग वाळू दिला. मग भिंगरीला हाक मारली. म्हटलं, शेवटचा फेरा, सावकाश ओढ, मी सांगेपर्यंत थांबू नकोस. ती म्हणाली, आई, तू या इंजिनाच्या प्रेमात पडलीस की काय. मी बॅटरी घेतली आणि एक्झॉस्टच्या तोंडाला डोळा लावला.

एक ठिपका आला. रोटरची चकचकीत बाजू, मधला खोलगट भाग, कडेला सीलची रेघ. गेला. दोन ठिपके आले, गेले. तीन ठिपके आले आणि सावकाश वर सरकून दिसेनासे झाले.

मग जी बाजू आली तिच्यावर ठिपका नव्हता.

तिच्यावर हत्याराची एकही खूण नव्हती. तिच्या मधल्या खोलगट भागाला तळ नव्हता. मी बॅटरी विझवली, तरी आत उजेड होता, आणि तो घाटातला उजेड होता, सकाळचा, थोडा धुरकट. खूप खाली दगड दिसत होते, झुडपं दिसत होती. वारा नव्हता. एकही पान हलत नव्हतं. आणि त्या दगडांच्या बऱ्याच वर, मधोमध, नखाएवढी एक गाडी होती. माझ्या नवऱ्याने रंगवलेली, त्याच निळ्या रंगाची. पडत नव्हती. तिच्याभोवती फुटलेल्या कठड्याचे तुकडे होते, तेही पडत नव्हते. सगळं हवेत थांबलं होतं. त्या सगळ्याच्या भोवती, दरीच्याही भोवती, काहीतरी होतं. मला ते दिसलं नाही. एवढंच जाणवलं की ते फार मोठं आहे आणि त्याने आपला दम धरून ठेवला आहे.

गार हवा माझ्या डोळ्यावरून आत ओढली जात होती. मी डोळा काढला नाही. मोठ्या आवाजात बोललं तर काहीतरी निसटेल, असं वाटत होतं. खोलीत बाळ झोपलेलं असताना आपण दार कसं ओढून घेतो, तशी मी तिथे उभी होते.

मग एक ठिपका आला.

"आई?" भिंगरी म्हणाली. "थांबू का?"

"थांब," मी म्हणाले.

६

ऊन कलायला लागलं होतं. मी बॅटरी कपड्याने पुसली. पुसायची गरज नव्हती, पण हातांना काहीतरी हवं होतं. भिंगरीने पाना जागेवर टांगला. तिच्या कपाळावर ग्रीसचा पट्टा उमटला होता आणि ती माझ्याकडे पाहत होती. गिऱ्हाइकं अशी पाहतात, मी त्यांचा पार्ट हातात धरून गप्प राहिले की.

"चालेल ना?" तिने विचारलं. शर्यतीबद्दल विचारत होती. निदान मी तसं समजले.

मला विचारायचं होतं. त्या दिवशी तू वर कशी आलीस, दगडावर कधी बसलीस, मधे तुला काय दिसलं. प्रश्न अगदी जिभेवर आले होते. शंका आली की ती तडीस न्यायची, हाच माझा धंदा. पण त्या हवेत थांबलेल्या गाडीची आठवण झाली आणि मी तोंड मिटून घेतलं. ती पुन्हा पडायला कुठला धक्का पुरेल हे मला माहीत नव्हतं. तिला शर्यतीला जाऊ न देऊन काय होणार होतं? गाडीत बसली काय आणि घरात खुर्चीवर बसली काय, तो दम तिच्यासोबतच होता. तो कोणाचा होता, किती दिवस धरला जाईल, ते मला फट मोजायचं फीलर गेज लावून मोजता येणार नव्हतं.

"इंजिन उत्तम आहे," मी म्हणाले. "सील मात्र मी मऊच घालणार. आणि तुझे पट्टे मी लावणार. दर वेळी."

ती हसली. इतक्यावर निभावलं याचं तिला आश्चर्य वाटलं असावं. पुढच्या भागात नवरा पत्र्यावर हातोडी चालवत होता. तिचं हसू ऐकून हातोडी थांबली, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाली.

टेबल मी रिकामं करून घेतलं होतं. भिंगरी टुणकन त्यावर चढून बसली, पाय हलवत, नेहमीसारखी. नेमकी मधल्या चौकोनात. दारातून येणारा उजेड जमिनीवरून टेबलाच्या पायापर्यंत आला होता. संध्याकाळ होत आली होती, आणि संध्याकाळी मी मधल्या चौकोनातल्या गोष्टींचं काय करते ते तिलाही माहीत होतं, पण तिचं लक्ष नव्हतं.

"इकडे सरक," मी डावीकडे हात दाखवून म्हटलं.

"रोज तर ऊठ म्हणतेस."

"आज सरक म्हणतेय."

तिने डोळे फिरवले आणि बसल्या बसल्या डावीकडे सरकली. त्या बाजूची खडूची रेघ पार पुसट झाली होती. मी खिशातला खडू काढला आणि ती उठायच्या आत तिच्याभोवती चौकोन पुन्हा नीट आखून घेतला.